वाचकांचे प्रश्न : करांचे दर तेच, मग पगार जातो कुठे?

या वेळच्या टपालात ब्रिटनमधल्या वाचकांची आणि तिकडे मुलं असलेल्या आईवडिलांची पत्रं जास्त आहेत. तक्रार बहुतेकांची एकच : सरकार पैसे घेतं, काम मात्र होत नाही. रागाला कारण आहे. पण नगरपालिकेचा राग पंतप्रधानांवर आणि पंतप्रधानांचा राग दवाखान्याच्या खिडकीवरच्या बाईंवर काढला, तर पदरात काही पडत नाही. म्हणून उत्तरांत शक्य तिथे कुठे जायचं आणि कधीपर्यंत, तेही दिलं आहे.

प्रश्न (स्लाव) : दोन पक्षांची सरकारं झाली. प्रत्येक अर्थमंत्री सांगतो की आयकराचे दर वाढवलेले नाहीत. माझा पगार ४९,००० पौंडांवरून ५३,००० झाला, पण हातात महिन्याला जेमतेम दोनशे पौंड जास्त येतात. कुठे चुकतंय?

काहीच चुकत नाही, हिशेब बरोबर आहे. वाढलेल्या ४,००० पैकी ५०,२७० पर्यंतच्या १,२७० पौंडांवर २० टक्के आयकर आणि ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स (पेन्शन वगैरेसाठीची सक्तीची सरकारी वर्गणी) लागतो. उरलेले २,७३० पौंड वरच्या टप्प्यात जातात, तिथे ४० अधिक २ टक्के. एकूण कपात सुमारे १,५०२ पौंड. उरतात २,४९८, म्हणजे महिन्याला २०८.

गोम दरात नाही, टप्प्यात आहे. १२,५७० पौंडांपर्यंत कर नाही आणि ५०,२७० च्या पुढे ४० टक्के, हे दोन्ही आकडे एप्रिल २०२१ पासून जागचे हललेले नाहीत. मधल्या काळात, ऑक्टोबर २०२२ मध्ये, महागाईचा दर ११.१ टक्क्यांवर गेला होता. पगार महागाईमागे धावतो, टप्पा जागीच राहतो आणि दर न वाढवता कर वाढतो. अर्थमंत्री असताना ऋषी सुनक यांनी ही गोठवणूक २०२६ पर्यंत आणली, नंतरचे अर्थमंत्री जेरेमी हंट यांनी २०२८ पर्यंत लांबवली. पुढे सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाच्या अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ती पुढे नेणार नाही असं सांगितलं आणि नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात २०३१ पर्यंत नेली. दर वाढवला असता तर निदान उघड वाद झाला असता. (स्कॉटलंडमध्ये पगारावरचे टप्पे वेगळे आहेत.)

आयटीतल्या वाचकांसाठी पुढचा खड्डा १,००,००० पौंडांवर आहे. त्यापुढच्या दर दोन पौंडांमागे करमुक्त रकमेतला एक पौंड कापला जातो, त्यामुळे १,२५,१४० पर्यंत प्रत्यक्ष आयकर ६० टक्के पडतो. लहान मूल असेल तर इंग्लंडमधले पाळणाघराचे सरकारी ३० तास आणि टॅक्स-फ्री चाइल्डकेअर या सरकारी योजनेचे वर्षाला मुलामागे २,००० पौंडांपर्यंत, दोन्ही जातात. मर्यादा आईवडिलांपैकी प्रत्येकाची स्वतंत्र मोजतात. नवराबायको दोघं ९९,००० कमावत असतील तर सवलत मिळते, एकट्याची कमाई १,०१,००० झाली की नाही.

उपाय म्हणजे वरची रक्कम पेन्शनमध्ये टाकणं. मोजतात ते ‘अॅडजस्टेड नेट इन्कम’, म्हणजे ठरावीक वजावटींनंतर उरणारं उत्पन्न, आणि पेन्शनची वर्गणी त्यातून वजा होते. घोळ होतो तो मार्चच्या बोनसमुळे. करवर्ष ५ एप्रिलला संपतं, बोनस पगारपत्रकात दिसेपर्यंत पेन्शनला सांगायची मुदत निघून जाते. कंपनीच्या पेरोलला फेब्रुवारीतच लिहून ठेवा. बँकेचं व्याज आणि भारतातलं घरभाडंही या उत्पन्नात धरायचं, हे बरेच जण विसरतात. आणि एक ध्यानात ठेवा : पेन्शनमधले पैसे आज वयाच्या ५५ पर्यंत आणि एप्रिल २०२८ पासून ५७ पर्यंत अडकतात. चार वर्षांत पुण्याला परतायचं ठरलं असेल तर आधी हा विचार करा.

प्रश्न (सातारा) : मुलगी बर्मिंगहॅमला एम.एस्सी. करते. तिच्या भाड्याच्या घरावर काउन्सिल टॅक्सची (नगरपालिकेच्या घरावरच्या कराची) नोटीस आली आहे. तिथे कचरासुद्धा धड उचलत नव्हते. हा कर भरायचा का? कचऱ्यापायी अडवून धरता येईल का?

घरातले सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर कर शून्य. पण माफी आपोआप लागत नाही. विद्यापीठाच्या पोर्टलवरून ‘काउन्सिल टॅक्स एक्झम्प्शन सर्टिफिकेट’ काढायचं, प्रत्येकाचं वेगळं, आणि नोटिशीवरचा खातेक्रमांक घालून काउन्सिलच्या संकेतस्थळावर चढवायचं. त्यावरची अभ्यासक्रम संपण्याची तारीख नीट पाहा. माफी त्या दिवसापर्यंतच. नंतर ती ग्रॅज्युएट व्हिसावर (शिक्षणानंतर काम करायला मिळणाऱ्या) त्याच घरात राहिली तर दुसऱ्या दिवसापासून कर सुरू होतो. चार मैत्रिणींपैकी एकीचाच अभ्यासक्रम संपला असेल तर बिल तिच्या एकटीच्या नावावर येतं, एकच प्रौढ धरून २५ टक्के सूट मिळते आणि बाकीचं तिला भरावं लागतं. भाडं वाटून घेताना हे आधीच बोलून घ्यावं. पुष्कळ भांडणं यावरूनच होतात.

कर अडवून धरू नका. काउन्सिल टॅक्स हा कर आहे, कचरा उचलण्याची फी नाही, त्यामुळे ‘सेवा नाही तर पैसे नाहीत’ हे तिथे चालत नाही. हप्ता चुकला की स्मरणपत्र येतं आणि सात दिवसांची मुदत मिळते. तीही चुकली की उरलेल्या वर्षाची सगळी रक्कम एकदम मागतात, मग मॅजिस्ट्रेट कोर्टाचं समन्स, त्याचा खर्च आणि शेवटी वसुली अधिकारी. माफीचा अर्ज केला असेल तरी तो मंजूर होईपर्यंत ही गाडी थांबलीच असेल असं धरू नये. ‘खात्यावरची वसुली थांबवा’ असं वेगळं लिहून द्यावं.

बर्मिंगहॅमच्या काउन्सिलवर तिजोरी रिकामी होण्याची पाळी आली ती सप्टेंबर २०२३ मध्ये. समान वेतनाचे जुने दावे, ओरॅकल कंपनीच्या फसलेल्या संगणकप्रणालीचा खर्च आणि अनेक वर्षं आटत गेलेलं केंद्राचं अनुदान, या सगळ्यांतून काउन्सिलने ‘सेक्शन ११४’ची नोटीस काढली. कायद्याने बंधनकारक कामं सोडून नवा खर्च बंद, असा तिचा अर्थ. २०२४ मध्ये कर ९.९९ टक्के वाढला, २०२५ मध्ये आणखी ७.४९ टक्के, आणि त्याच मार्चमध्ये कचरा कामगारांचा बेमुदत संप सुरू झाला. स्लाव, क्रॉयडन, वोकिंग, नॉटिंगहॅम यांनीही ही नोटीस काढलेली आहे. घर भाड्याने घेताना शाळा बघता तसा काउन्सिलचा ताळेबंदही बघावा.

न उचललेल्या कचऱ्याची तक्रार काउन्सिलच्या संकेतस्थळावर नोंदवून क्रमांक घ्यायचा. तक्रारीचे काउन्सिलमधले टप्पे संपल्यावर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समनकडे (काउन्सिलविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडे) जाता येतं, फुकट.

प्रश्न (लेस्टर) : पित्ताशयात खडे आहेत. जीपींनी (भागातल्या नेहमीच्या डॉक्टरांनी) सर्जनकडे पाठवलं त्याला सात महिने झाले. व्हिसाबरोबर एनएचएसचा, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचा, अधिभार भरूनही ही वाट? मुंबईला जाऊन करून घ्यावं का?

अधिभार आता प्रौढांना वर्षाला १,०३५ पौंड आहे आणि तो भरल्यावर तुमचा हक्क तिथल्या रहिवाशाइतकाच. अडचण अशी की रहिवाशांनाही मिळत नाही. जीपींनी पाठवल्यापासून १८ आठवड्यांत ९२ टक्के रुग्णांचे उपचार सुरू व्हावेत हे प्रमाण इंग्लंडमध्ये २०१६ पासून पाळलं गेलेलं नाही. यादीत ७० लाखांहून जास्त उपचार अडकलेले आहेत.

आधी तुमच्या प्रतीक्षेचे आठवडे मोजणारं इस्पितळाचं घड्याळ चालू आहे ना ते बघा. इस्पितळाच्या अपॉइंटमेंट कार्यालयाला फोन करून विचारा : ‘रेफरल टू ट्रीटमेंट’चं (पाठवल्यापासून उपचारापर्यंतचं) घड्याळ कोणत्या तारखेला सुरू झालं आणि आज कितवा आठवडा? घड्याळ मध्येच बंद पडायची तीन कारणं नेहमीची. पहिली तारीख चुकली की कागद जीपीकडे परत जातो. ‘तुम्हाला अजून उपचार हवे आहेत का?’ असा मेसेज येतो. त्याला उत्तर दिलं नाही तर नाव यादीतून निघू शकतं. आणि घर बदलल्यावर पत्ता-फोन जीपीकडे बदलला, तरी इस्पितळाकडे जुनाच राहतो. दिवाळीला महिनाभर भारतात जाणार असाल तर तारखा आधी कळवा. न कळवता गैरहजर राहणं महागात पडतं.

१८ आठवडे उलटले आहेत, तेव्हा दुसरीकडे पाठवा असं मागायचा तुम्हाला हक्क आहे. इस्पितळाला किंवा भागातल्या इंटिग्रेटेड केअर बोर्डाला (तिथली एनएचएस सेवा आखणाऱ्या मंडळाला) लेखी मागा. बोर्डाने पर्याय शोधायचा असतो. एनएचएसशी करार असलेली खासगी इस्पितळंही त्यात येतात आणि तिथेही तुम्हाला पैसे पडत नाहीत. साधी पित्ताशयाची शस्त्रक्रिया अशा इस्पितळांना चालते. मधुमेह, वजन किंवा हृदयाचा त्रास असेल तर ती नाही म्हणतात. पुढचं रेफरल होईल तेव्हा जीपीच्या टेबलावरच इस्पितळ निवडायचं, अंतराबरोबर प्रतीक्षेचे आठवडे पाहून.

मुंबईला करून घेतलीत तर इथल्या यादीतून नाव काढायला कळवा आणि डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत जीपीकडे द्या. मात्र ताप, पोटात सतत कळ किंवा डोळे पिवळे दिसले तर विमान नको. थेट इमर्जन्सी.

जाता जाता : व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईवडिलांना हा अधिभार लागू नाही. इमर्जन्सी विभागातली तपासणी फुकट, पण वॉर्डात दाखल केलं की एनएचएसच्या दराच्या १५० टक्के बिल येतं. ५०० पौंडांपेक्षा जास्त बिल दोन महिने थकलं तर ते गृहखात्याला कळतं आणि पुढचा व्हिसा अडतो. विमा काढूनच आणा, आणि त्यात जुने आजार धरलेत का ते वाचा.

प्रश्न (हॅरो) : २०२२ मधल्या एका अर्थसंकल्पामुळे गृहकर्ज कसं काय वाढलं?

२३ सप्टेंबर २०२२ ला लिझ ट्रस यांचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी सुमारे ४५ अब्ज पौंडांच्या करकपाती जाहीर केल्या. पैसे कुठून येणार ते सांगितलं नाही आणि स्वतंत्र अंदाज देणाऱ्या ओबीआरचा अहवालही जोडला नाही. गुंतवणूकदारांनी सरकारी रोखे विकायला काढले, रोख्यांचं व्याज चढलं आणि त्यावरच ठरणारे दोन व पाच वर्षांच्या गृहकर्जांचे दर सहा टक्क्यांच्या पुढे गेले. बँक ऑफ इंग्लंडला पाचव्या दिवशी रोखे विकत घ्यायला बाजारात उतरावं लागलं. क्वार्टेंग तीन आठवड्यांत गेले, त्यांच्यामागून ट्रस. ज्यांचा कर्जाचा करार त्या हिवाळ्यात संपत होता, त्यांनी पुढची काही वर्षं वाढलेला हप्ता भरला. तुमचा करार संपत असेल तर सहा महिने आधीच नवा दर राखून ठेवा. नंतर दर उतरला तर नवा करार सुरू होण्याआधी बहुतेक बँका बदलू देतात.

प्रश्न (कोथरूड, पुणे) : चौदा वर्षं लंडनला नोकरी करून परत आलो. तिथली सरकारी पेन्शन मिळेल का? ‘गोठते’ म्हणतात ते काय?

मिळेल. किमान १० वर्षांच्या वर्गणीवर हक्क लागतो, पूर्ण रकमेला ३५ लागतात. एप्रिल २०२६ पासून पूर्ण रक्कम आठवड्याला २४१.३० पौंड आहे; चौदा वर्षांचे त्या हिशेबाने ९६.५२.

गोठणं म्हणजे असं : ब्रिटनमध्ये राहणाऱ्याची पेन्शन दर एप्रिलला वाढते, एप्रिल २०२३ मध्ये तर १०.१ टक्के वाढली. अमेरिकेत किंवा युरोपीय संघात राहायला गेलेल्यालाही ती वाढ मिळते. भारत, कॅनडा, ऑस्ट्रेलियात राहणाऱ्याला पहिल्या आठवड्याची रक्कमच शेवटपर्यंत. वर्गणी सगळ्यांनी सारखीच भरलेली असते. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने २०१० मध्ये पेन्शनरांच्या विरुद्ध निकाल दिला आणि तेव्हापासूनची सर्व पक्षांची सरकारं खर्चाकडे बोट दाखवत आली आहेत. आमच्या मते यात न्याय नाही, पण नजीकच्या काळात फरक पडेल या आशेवर हिशेब मांडू नका.

तरीही स्वेच्छेने पैसे भरून वर्गणीची वर्षं वाढवणं परवडतं. परदेशातून आठवड्याला साडेतीन पौंडांत भरता येणारी क्लास २ या वर्गणीची सोय ५ एप्रिल २०२६ ला संपली. आता क्लास ३, आठवड्याला १८.४० पौंड, वर्षाला सुमारे ९५७. त्या एका वर्षाने पेन्शन वर्षाला सुमारे ३५८ पौंड वाढते, म्हणजे तीनेक वर्षांत पैसे वसूल. नव्याने सुरू करणाऱ्याला आधीची दहा वर्षं दाखवावी लागतात, ती तुमच्याकडे आहेत. सीएफ८३ हा अर्ज भरा. पैसे भरण्याआधी आपल्या नोंदीत कोणती वर्षं अर्धवट आहेत ते बघा, कारण अर्धवट वर्ष स्वस्तात पुरं होतं.

पेन्शन आपोआप सुरू होत नाही. पात्र वय ६६ वरून ६७ कडे सरकतं आहे; त्याच्या चार महिने आधीपासून इंटरनॅशनल पेन्शन सेंटरकडे अर्ज करता येतो. मधूनमधून ‘लाइफ सर्टिफिकेट’ टपालाने येतं. ते साक्षीदाराच्या सहीने परत गेलं नाही की पेन्शन बंद होते. पत्ता बदलला की कळवा.

प्रश्न (रेडिंग) : हे सगळं वाचून चीड येते, पण आमचा पासपोर्ट भारतीय. आम्ही काय करणार?

मतदान करणार. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे वैध व्हिसावर ब्रिटनमध्ये राहणारे भारतीय नागरिक काउन्सिलच्याच नव्हे, संसदेच्या निवडणुकीतही मत देऊ शकतात. विद्यार्थीसुद्धा. पुष्कळांना हे पाच-पाच वर्षं माहीत नसतं. सरकारी संकेतस्थळावर नॅशनल इन्शुरन्स क्रमांक टाकला की नोंदणी पाच मिनिटांत होते. मतदानाच्या १२ कामकाजी दिवस आधीपर्यंत झाली पाहिजे. इंग्लंडमध्ये केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं आणि भारतीय पासपोर्ट त्याला चालतो. मतदारयादीत नाव असल्याने कर्ज किंवा भाड्याच्या घरासाठीची पत-तपासणीही सोपी जाते.

निवडणूक लांब असेल तर आपल्या खासदाराच्या ‘सर्जरी’ला, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायच्या बैठकीला, जा. दर काही आठवड्यांनी मतदारसंघात ती भरते आणि मत दिलं की नाही हे तिथे कुणी विचारत नाही. अडकलेला कर-परतावा, गृहखात्यात पडून राहिलेला अर्ज, इस्पितळाची दिरंगाई, असं काहीही नेता येतं. एका पानावर तारखा आणि संदर्भक्रमांक लिहून न्या. केंद्रीय खात्याविरुद्ध पार्लमेंटरी ओम्बड्समनकडे (संसदेच्या लोकपालाकडे) जायचं तर खासदाराची सही लागतेच, आणि प्रकरण लक्षात आल्यापासून बारा महिन्यांत ते खासदाराकडे गेलं पाहिजे.