रुळावर चढलेल्या मोटारीला काय म्हणावं?

कुडाळच्या एका शिक्षिकेने विचारलंय: "रबरी चाकं काढून, लोखंडी चाकं बसवून रेल्वेच्या रुळांवर चालवलेल्या जुन्या जीप-मोटारींचे फोटो मुलांना दाखवायचे आहेत. त्यांना मराठीत काय म्हणू? रेलकार, रेलबस, की लोहपथवाहन? आणि 'रूळ' हा शब्द तरी आपला आहे का?"

बाई, सरसकट नाव हवं असेल तर 'रूळमोटार' म्हणा. समोर एकच गाडी असेल तर 'रुळावरची जीप', 'रुळावरची ब्यूक' म्हणा. मुलांना ते ऐकताक्षणी कळेल.

रेलकार आणि रेलबस इथे चालणार नाहीत, कारण त्या जन्मल्याच रुळावर. कालका-शिमला मार्गावरची रेलमोटार किंवा मथुरा-वृंदावनची रेलबस कधी डांबरी रस्त्यावर धावली नव्हती. तुमच्या फोटोंतल्या गाड्यांचा पहिला जन्म रस्त्यावरचा. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरात वाफेचं इंजिन चालवणं परवडेना, तेव्हा १९३१ पासून तिथल्या रिओ ग्रांदे सदर्न कंपनीने ब्यूक आणि पिअर्स-ॲरो मोटारींना रुळांवर घातलं, आणि टपाल व उतारू त्यांतून जाऊ लागले. लोकांनी त्यांना 'गॅलपिंग गूस' म्हटलं. १९४४ मध्ये ब्रह्मदेशातल्या लढाईत सैन्याने जीपनाच इंजिन करून डबे ओढले. जीपच्या डाव्या-उजव्या चाकांत अंतर साधारण सव्वा मीटर आणि तिथली लाइन मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर, तेव्हा चाकं आत घ्यावी लागणार. आपल्या कोकण रेल्वेच्या रुळांत अंतर १,६७६ मिलिमीटर, तिथे तीच चाकं बाहेर काढावी लागतील. मुलांना हे फूटपट्टीने फळ्यावर आखून दाखवा. आणि हेही सांगा की रुळावर स्टिअरिंगला काही काम उरत नाही. चाकाच्या आतल्या बाजूची उभी कड, जिला रेल्वेतली माणसं फ्लँज म्हणतात, तीच गाडीला वाटेवर धरून ठेवते.

'लोहपथवाहन' मला पटत नाही. मांडवी एक्स्प्रेसही लोहपथवाहनच की! 'लोहमार्ग पोलीस' ही पाटी आपण रोज वाचतो, तिथे तो शब्द शोभतो. पण पोरांच्या तोंडी जीपसाठी तो बसायचा नाही.

मराठीची स्वतःची रीत पाहा. बैलगाडी, घोडागाडी, हातगाडी: ओढतो कोण ते आधी, गाडी मागून. आगगाडी आणि आगबोट त्याच साच्यातल्या. रणगाड्यात मात्र कुठे चालतो ते आधी आलं, रूळमोटार त्याच्या पंगतीला बसते. आणि एकदा जडलेलं नाव आपण सहसा सोडत नाही. कोकण रेल्वेची सुरुवातच डिझेलवर झाली, २०२२ पासून तर सगळा मार्ग विजेचा, तरी आमच्या आजी शेवटपर्यंत 'आगगाडी'च म्हणत. शिडाच्या होडीला इंजिन बसवलं तरी खारवी तिला होडीच म्हणतो, फार तर 'इंजिनाची होडी'. तशी लोखंडी चाकं लावली तरी जीप ही जीपच.

ट्रॉलीला मात्र यात ओढू नका. गेल्या पावसाळ्याच्या तोंडी संगमेश्वर रोडला पाहिलं: दोन ट्रॉलीमन, एकेक रूळ धरून, त्या चार बोटं रुंदीच्या लोखंडावर पावलापुढे पाऊल टाकत धावत होते. वेग आला तसे दोघेही टुणकन मागच्या फळीवर बसले. वर लाल झेंडी, पुढे बाकावर साहेब. गाडी यायची वेळ झाली तशी सगळ्यांनी मिळून ट्रॉली उचलून खडीवर काढून ठेवली. ती रुळांच्या देखभालीसाठीच घडवलेली, मोटारीची सावत्र बहीणसुद्धा नव्हे. रो-रोचंही तसंच. कोलाडहून वेर्ण्याला जाणारे ट्रक वाघिणीवर बसून जातात, त्यांची चाकं रुळाला लागत नाहीत.

आता 'रूळ'. मूळ इंग्रजीतलंच, पण 'ळ' लावून आपण तो पुरता घरचा केला. 'रूळ' दीर्घ, 'रुळावर' ऱ्हस्व, अगदी मूळ-मुळावर सारखा. 'संसार रुळावर आला' हे घराघरात बोलतात, मालवणीत 'गाडी रुळार इली' होतं. पण 'शब्द रुळला' यातलं 'रुळणे' या रुळाचं नव्हे, इथे बरेच जण फसतात. ते क्रियापद आगगाडीच्या कितीतरी आधीचं, तुकोबांच्या अभंगात वैजयंतीमाळ विठ्ठलाच्या कंठी रुळते. भारतात उतारूंची पहिली गाडी १८५३ साली धावली.

एकच गाडी मला अजून अडवते. इंग्लंडात १९३१ च्या सुमारास कॅरियर कंपनीने बनवलेली 'रो-रेलर' बस रस्त्यावरही चाले आणि रबरी चाकं वर उचलून लोखंडी चाकांवर रुळावरही. एका मित्राने 'उभयचर' सुचवलं. पण आपल्याकडे उभयचर म्हटलं की पाणी आणि जमीन हीच जोडी आठवते, डोळ्यांपुढे बेडूक उभा राहतो. तिला सध्या मी 'रस्त्या-रुळावरची बस' म्हणतो. तुमच्या वर्गातल्या पोरांना याहून सुटसुटीत काही सुचलं तर मला जरूर कळवा.