कॅटलॉगची फुकट पीडीएफ वापरू का?

प्रश्न: नाणी जमवायला नुकतीच सुरुवात केलीये. क्राउझेचा जगातल्या नाण्यांचा कॅटलॉग फार महाग आहे, ग्रुपवर त्याची स्कॅन केलेली पीडीएफ फिरतेय. घेऊ का?

उत्तर: नको. ती चोरीचीच कॉपी आहे, आणि असे कॅटलॉग करणाऱ्यांची वर्षानुवर्षांची मेहनत अशीच फुकट वाटली गेली तर पुढची आवृत्ती काढायला कोण धजावेल? शिवाय कामालाही ती कच्चीच, सालाखालचा मिंटमार्क, म्हणजे टांकसाळीची खूण, ठिपका आहे की पत्त्यांतल्यासारखी चौकट हे अंधुक स्कॅनमध्ये कळतच नाही आणि नाण्याची किंमत कधी कधी नेमकी त्यावरच ठरते, त्यात फाइल जुन्या आवृत्तीची असेल तर भावही जुनेच.

पैसे नसतील तरी अडत नाही हो. न्युमिस्टा या वेबसाइटवर देश, साल, वजन, व्यास टाकून नाणं शोधता येतं, केएम नंबरही, म्हणजे क्राउझेच्या कॅटलॉगमधला त्या नाण्याचा क्रमांक, बहुतेक वेळा तिथेच मिळतो. रोमन साम्राज्याच्या नाण्यांसाठी अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीचा ओक्रे हा ऑनलाइन कॅटलॉग आहे, आणि जुनी पुस्तकं, लिलावांचे कॅटलॉग न्यूमन पोर्टल या वेबसाइटवर रीतसर फुकट वाचता येतात. छापीलच हवा असेल तर मागची आवृत्ती सेकंडहँड घ्या, नाणं ओळखायला ती मस्त चालते, फक्त त्यातल्या किमतींवर जाऊ नका.