खनिज निधीतून पोराला नोकरी लागेल का? घुग्घुसच्या एका वडिलांना उत्तर

नमस्कार भाऊ,

पत्र मिळालं. तुम्ही चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसला वेकोलित (वेस्टर्न कोलफील्ड्स, कोल इंडियाची कोळसा कंपनी) डंपर ऑपरेटर, रिटायरमेंटला चार वर्षं राहिली, मोठा पोरगा आयटीआय इलेक्ट्रिशियन पास होऊन वर्षभर घरीच बसलाय, आणि चहाच्या टपरीपासून साडभावापर्यंत जो तो सांगतोय की खाण भागासाठी सरकारचा बक्कळ पैसा आलाय, नवीन रोजगार निघणार आहेत, जरा दम धरा. दम धरायचा का, एवढंच तुम्हाला विचारायचंय.

नका धरू. पण म्हणून पैशाची गोष्ट थाप आहे असंही नाही, ती नीट समजून घ्या. २०१५ ला खाण कायदा बदलला आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठान, म्हणजे हाच खनिज निधी, सुरू झालं. कोळशावर रॉयल्टी १४ टक्के, आणि जुन्या लीजवाल्या खाणीला त्या रॉयल्टीच्या ३० टक्के रक्कम वेगळी या प्रतिष्ठानात भरावी लागते. म्हणजे शंभर रुपयांच्या कोळशामागे चार रुपये वीस पैसे, ते तुमच्याच जिल्ह्यासाठी. चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात ही रक्कम लहान नसते.

आता हा पैसा जातो कुठे? २०२४ च्या नव्या नियमांनुसार निदान ७० टक्के पाणी, आरोग्य, शिक्षण, महिला-बालकल्याण, कौशल्य विकास अशा कामांवर जायला पाहिजे. यात पगार कुठंय? नाहीये. पाण्याची टाकी होते, शाळेची खोली होते, आणि कौशल्य विकास म्हणजे ट्रेनिंगची बॅच निघते. एखाद्या संस्थेला काम मिळतं, दोन-तीन महिने वर्ग चालतात, तीस पोरं एका मल्टिमीटरभोवती उभी राहतात, शेवटी कुणीतरी साहेब येऊन सर्टिफिकेट देतात, फोटो निघतो आणि पोरगं घरी. सगळ्या बॅच अशा नसतात, पण मी पाहिलेल्या बऱ्याच अशाच होत्या. म्हणून पोराला कुणी अशा बॅचला बोलावलं तर आधी एकच विचारा, मागच्या बॅचची पोरं आज कुठं कामाला आहेत, दोघांचे नंबर द्या. नंबर मिळाले तर जाऊ द्या.

मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेचंही तसंच. आयटीआयवाल्याला महिन्याला ८ हजार मिळतात, घरी बसण्यापेक्षा बरं, पण ती मुदतीची गोष्ट आहे. मुदत संपल्यावर आम्हाला कायम करा म्हणून पोरांना मोर्चे काढावे लागले ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल.

भद्रावतीचं तुम्ही लिहिलंय, की कोळशापासून गॅस करायचे कारखाने येणार, केंद्राची ८,५०० कोटींची योजना आहे. योजना खरी आहे, भद्रावतीच्या प्रकल्पांची नावंही त्यात आलीत. पण भाऊ, त्याच भद्रावतीत नव्वदच्या दशकात वीज प्रकल्पासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या आणि त्या वर्षानुवर्षं नुसत्या पडून राहिल्या, हे तुम्हाला मी काय सांगू. कारखाना आला तर चांगलंच, पण तो येईल तेव्हा इलेक्ट्रिशियन घेताना अनुभव विचारेल, आणि तुमच्या पोराकडे तेव्हा दाखवायला काय असेल याचा विचार आज करायचाय.

म्हणून माझ्या मते पोराने या वर्षी अप्रेंटिस, म्हणजे कारखान्यातली शिकाऊ उमेदवारी, करावीच. वेकोलि घेते, महानिर्मितीचं चंद्रपूर वीज केंद्र घेतं, आजूबाजूचे सिमेंट कारखाने घेतात. केंद्र सरकारच्या अप्रेंटिस पोर्टलवर नोंदणी आजच करून टाका आणि सगळीकडे अर्ज टाका, एकावर अडून बसू नका. अप्रेंटिस झाला म्हणजे वेकोलित लागला असं मात्र समजू नका, जाहिरातीतच लिहिलेलं असतं की नोकरीची हमी नाही. पण वर्षभर सबस्टेशनमध्ये, एचटी म्हणजे उच्च दाबाच्या मोटारींवर, कन्व्हेयरच्या पॅनलवर हात बसला की पोरगं वेगळंच होतं. इंटरव्ह्यूत समोर कंट्रोल ड्रॉइंग ठेवून विचारतात की मोटार सुरू होत नाहीये, कुठून बघशील? नुसतं आयटीआय केलेला पोरगा तिथे छताकडे बघतो, अप्रेंटिस केलेला सांगतो की आधी सप्लाय बघेन, मग ओव्हरलोड ट्रिप आहे का ते. सोबत वायरमनचा परवाना काढून घ्यायचा, तो पुण्यातही चालतो आणि घुग्घुसलाही.

आता जे तुम्ही दबकत लिहिलंय त्याबद्दल. कुणीतरी सुचवलं की तुम्ही मेडिकल अनफिट व्हा, पोरगा तुमच्या जागी लागेल. ज्याला खरंच आजार आहे, अपंगत्व आलंय त्याच्यासाठी ती सोय आहे, धडधाकट माणसाने कागद रंगवायला नाही. मेडिकल बोर्डापुढे अडकलात तर चार वर्षांचा पगार आणि म्हातारपणचं सगळंच टांगणीला लागेल. आणि जो पाच-सात लाखात लावून देतो म्हणतो त्याला दारात उभा करू नका, कितीही ओळखीचा असला तरी. कोल इंडियाची माणसं दोनेक दशकांत निम्म्याहून कमी झालीत, काम आउटसोर्सिंगवर गेलंय हे तुम्ही रोज खाणीत बघताच, मग हा बाबा जागा आणतो कुठून?

प्रतिष्ठानच्या पैशाचं मात्र सोडू नका. खर्चाची यादी आणि वार्षिक अहवाल लोकांसमोर ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. कौशल्य विकासावर किती गेले, किती पोरं शिकली, किती लागली, हे जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारा. युनियनमधले चार जण सोबत घ्या, एकट्याच्या अर्जाला कोण विचारतो. आणि मागायचंच तर टेलरिंगची अजून एक बॅच नका मागू, आयटीआयला चांगली पॅनल लॅब मागा, अप्रेंटिस पोरांना स्टायपेंडच्या वर थोडी जादा रक्कम मागा.

धाकटीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, दहावीला आहे, गणितात हुशार, तिचं नंतर पाहू. नंतर कशाला? २०१९ पासून बायकांना भूमिगत खाणीतही टेक्निकल आणि सुपरवायझरी कामाला परवानगी आहे, मायनिंगचा डिप्लोमा तिलाही करता येतो. तिला मायनिंग नकोच असेल तर इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंटेशन आहेच. दहावीचा निकाल लागला की पॉलिटेक्निकचे फॉर्म लगेच सुटतात, तेव्हा जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर लागत असेल तर तो, आणि डोमिसाइल आत्ताच काढून ठेवा, सेतूत जूनमध्ये उभं राहायला जागा नसते.