क्लोरीन ३ दाखवते, तरी पाणी हिरवे का?

आपण लिहिले आहे की तळेगावच्या घरचा तरणतलाव ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल आहे, पाणी बोअरचे आहे, ऑक्टोबरपासून आठवड्याला दोनशे ग्रॅमच्या दोन गोळ्या पडतात, पिवळा रंग येणाऱ्या चाचणीत क्लोरीन ३ पीपीएम (लिटरला ३ मिलिग्रॅम) दिसते आणि तरीही मे महिन्यात शेवाळ हटत नाही. दुकानदार मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकायला सांगतो. मोरचूद टाकू नये, आणि गोळ्याही आजपासून बंद कराव्यात, कारण दुखणे बहुधा त्यांच्यातच आहे.

या गोळ्या टीसीसीए ९० (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्ल) च्या असतात. त्या विरघळताना क्लोरीनबरोबर सायन्युरिक आम्लही पाण्यात सोडतात. हे आम्ल मुळात उपकारक आहे, कारण त्याच्याविना उन्हातले निम्मे क्लोरीन तासाभरात उडून जाते. म्हणून ते ३० ते ५० पीपीएम असावे. मात्र ते उन्हाने उडत नाही, वाळूच्या फिल्टरमध्ये अडकत नाही, पाणी काढून टाकले तरच जाते. आपल्या तलावात ४८ हजार लिटर पाणी आहे. त्यात एक गोळी सायन्युरिक आम्ल सव्वादोन पीपीएमच्या आसपास वाढवते. आठ महिन्यांत सत्तरेक गोळ्या झाल्या, म्हणजे आकडा दीडशेच्या पुढे गेला असणार. शेवाळ रोखायला मुक्त क्लोरीन या आम्लाच्या साधारण साडेसात टक्के लागते. आम्ल १६० असेल तर ते १२ पीपीएम हवे. आपल्याकडे ३ आहे, आणि तेही पूर्ण मुक्त असेल असे नाही, कारण पिवळा रंग देणारी चाचणी मुक्त आणि घाम-मूत्राशी बांधले गेलेले, असे दोन्ही क्लोरीन एकत्र मोजते. गुलाबी रंग देणारा डीपीडी संच घ्यावा. त्यात मुक्त क्लोरीन वेगळे कळते.

सायन्युरिक आम्लाच्या चाचणीत तलावाचे पाणी आणि द्रावण मिसळले की ते दुधाळ होते, आणि नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत ते मिश्रण थेंबाथेंबाने ओतायचे असते. कर्जतच्या आमच्या तलावात मी हे पहिल्यांदा केले, तेव्हा नळी पाव भरण्याआधीच ठिपका गडप झाला आणि मला वाटले की माझाच चष्मा खराब आहे. अशा वेळी तलावाच्या पाण्यात तेवढेच साधे पाणी मिसळून पुन्हा मोजावे आणि आलेला आकडा दुप्पट करावा.

आकडा १६० च्या आसपास आला तर तो ४० वर आणायला तीन चतुर्थांश पाणी बदलावे लागेल, म्हणजे ३६ हजार लिटर. हे काम पाऊस सुरू होण्याआधी उरकावे, परंतु तलाव कधीही पूर्ण रिकामा करू नये. जमिनीतले पाणी वर आल्यावर रिकाम्या हौदाला खालून दाब बसतो, तळाला तडे जातात, आणि फायबरचा तलाव असेल तर तो चक्क वर उचलला जातो. टँकर परवडत नसतील तर आता निम्मे बदलावे आणि उरलेले काम पावसाकडे सोपवावे: जून-जुलैमध्ये दर खेपेस वीतभर पाणी काढायचे आणि पावसाने भरू द्यायचे. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्याने बोअरच्या कठीण पाण्यालाही तो उतारा ठरतो. फक्त क्षारता (अल्कलिनिटी) ८० पीपीएमखाली गेली तर खाण्याचा सोडा घालावा, आपल्या तलावात दर १० पीपीएमला सुमारे ८०० ग्रॅम.

पाणी बदलल्यावर आधी पीएच, म्हणजे सामू, ७.२ ते ७.४ वर आणावा, कारण पुढे क्लोरीन वाढले की ती चाचणी फसवे रंग दाखवते. सामू ७.५ असताना क्लोरीनचा साधारण अर्धा भागच जोमाने काम करतो आणि ८ वर जेमतेम चौथा, म्हणून ही पायरी गाळू नये. सामू उतरवायचे आम्ल बादलीभर पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही नाही. मग संध्याकाळी, पंप चालू ठेवून, १० टक्क्यांचे द्रव हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) सात-आठ लिटर टाकावे. त्याने क्लोरीन १५ ते १६ पीपीएमवर जाते. भिंती रोज घासाव्यात, फिल्टरचा दाब नेहमीपेक्षा ८ ते १० पीएसआय वाढला की उलटा धुवावा, आणि पाणी नितळ होऊन रात्रभरात क्लोरीन १ पीपीएमपेक्षा जास्त घटेनासे होईपर्यंत पातळी टिकवावी. क्लोरीन ३-४ वर उतरेपर्यंत कोणीही पोहू नये.

मोरचूद शेवाळ मारते हे खरे, पण तांबे पाण्यात राहते, तळावर डाग पाडते आणि आमच्यासारख्यांच्या पिकलेल्या केसांना हिरवट छटा देते.

पुढे रोज द्रव हायपोच वापरावे. अर्धा लिटर म्हणजे आपल्या तलावात सुमारे १ पीपीएम. उन्हाळ्यात त्याचा जोर लवकर उतरतो, म्हणून लहान कॅन आणून सावलीत ठेवावेत. दाणेदार कॅल्शियम हायपो मी आपल्याला सुचवणार नाही, कारण बोअरच्या पाण्यात ते कठीणपणा वाढवते आणि फरशीवर पांढरी रेघ धरते. उरलेल्या गोळ्या गावाला जायच्या आठवड्यापुरत्या ठेवाव्यात, पण कोरड्या जागी वेगळ्या, आणि कॅल्शियम हायपोचा एक दाणाही त्या डब्यात किंवा गोळ्यांच्या तरंगत्या भांड्यात जाऊ देऊ नये, कारण ही दोन्ही एकत्र आली की पेट घेतात.