वाचकांचे प्रश्न : फिफ्थ व्हील कॅम्परमागे बोटीचा ट्रेलर

प्रश्न : आम्ही मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ राहतो. आमच्या पिकअपला जोडलेला फिफ्थ व्हील कॅम्पर (पुढचे टोक पिकअपच्या मागच्या हौद्यात टेकवून ओढायचे चाकांवरचे घर) सामानासह सुमारे 10,000 पौंडांचा आणि 30 फुटांचा आहे. उन्हाळ्यात त्याच्यामागे 2,500 पौंडांचा बोटीचा ट्रेलर जोडून मॅकिनॉ पुलापलीकडे, अप्पर पेनिन्सुलात जाण्याचा विचार आहे. पिकअपची ओढण्याची क्षमता पुरेशी आहे. मग अडचण कुठे येऊ शकते?

उत्तर : ओढण्याची क्षमता पुरेशी असली, तरी या जोडणीत खरा प्रश्न पिकअपचा नसून मधल्या कॅम्परचा असतो. फिफ्थ व्हीलचा साधारण पाचवा हिस्सा भार, म्हणजे आपल्या बाबतीत सुमारे 2,000 पौंड, किंगपिनमार्फत (कॅम्परच्या पुढच्या टोकाखालची जोडणीची खीळ) पिकअपच्या मागच्या चाकांवर येतो आणि त्या भारामुळेच कॅम्पर रस्त्यावर स्थिर राहतो. आता बोटीच्या ट्रेलरने कॅम्परच्या मागच्या हिचवर (ट्रेलर अडकवण्याच्या जोडावर) 250 पौंड दाब दिला, किंगपिनपासून कॅम्परची चाके 20 फुटांवर आणि चाकांपासून मागचे हिच 10 फुटांवर आहे असे धरले, तर तरफेच्या नियमाने किंगपिनवरचा भार 125 पौंडांनी घटतो आणि कॅम्परच्या चाकांवरचा भार मात्र 375 पौंडांनी वाढतो. पिकअपवरचे ओझे हलके झाले म्हणून यात समाधान मानू नये; पुढचा भार जितका घटेल तितकी कॅम्परची मागची बाजू डोलण्याची शक्यता वाढते. पाण्याच्या टाक्या चाकांच्या मागे असतील आणि त्या भरलेल्या असतील, तर परिस्थिती आणखी बिघडते. त्यामुळे निघण्यापूर्वी सर्व सामानासह वजनकाट्यावर प्रत्येक आसाचे वजन स्वतंत्रपणे करून घ्यावे आणि ते आसांच्या व टायरांच्या मर्यादेशी ताडून पाहावे.

हिच कुठे बसवले आहे, हेही वाकून पाहावे. बऱ्याच कॅम्परांचा मागचा चौकोनी बंपर पातळ पत्र्याचा असतो आणि त्याच्या पोकळीत सांडपाण्याची नळी ठेवलेली असते. त्याला ट्रेलर जोडणे म्हणजे संकटाला आमंत्रण. हिच मुख्य चौकटीलाच पक्के केलेले हवे आणि मागे ट्रेलर ओढण्यास कॅम्परच्या उत्पादकाची लेखी परवानगी हवी. ती नसेल, तर आमच्या मते हा बेत तिथेच सोडावा, कारण वेल्डिंग करून देणारा कारागीर चौकटीची हमी देऊ शकत नाही.

बोटीच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेत. कॅम्परच्या रुंदीआड तो आरशात जवळजवळ दिसतच नाही आणि त्याचा टायर फुटला तरी चालकाला धक्का जाणवेलच असे नाही. म्हणून मागचा कॅमेरा आणि टायरमधला दाब दाखवणारे यंत्र यांवरचा खर्च वायफळ समजू नये.

कायदा राज्यागणिक बदलतो. मिशिगनमध्ये अशा जोडणीसाठी परवान्यावर ‘आर’ ही वेगळी नोंद लागते आणि त्यासाठी लेखी परीक्षा द्यावी लागते. मिनेसोटात मिनियापोलिस परिसरातल्या सात काउंट्यांत कामाच्या दिवशी सकाळी व संध्याकाळी गर्दीच्या वेळी अशी जोडणी चालवण्यास बंदी आहे, तर वॉशिंग्टन आणि ओरेगन या राज्यांत खासगी वाहनचालकाला दोन ट्रेलर ओढताच येत नाहीत. अनेक राज्यांत एकूण लांबीची मर्यादा 65 फूट आहे, त्यामुळे पिकअपच्या नाकापासून बोटीच्या मोटरपर्यंत प्रत्यक्ष टेप लावून माप घ्यावे.

मॅकिनॉ पुलाची लांबी सुमारे 5 मैल असून तिथे वाऱ्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. वारा वाढला की उंच वाहनांना पुलाच्या कर्मचाऱ्यांसोबत सावकाश पार व्हावे लागते आणि तो आणखी वाढल्यास त्यांना थांबवले जाते, म्हणून प्रवासाच्या आखणीत अर्धा दिवस मोकळा ठेवावा.

राहता राहिले मागे घेणे. दोन सांध्यांची ही गाडी सरळ रेषेत मागे नेणे बहुतेकांना जमत नाही, ती काही फुटांतच वाकडी होते. म्हणून आरपार निघता येईल अशीच कॅम्पिंगची जागा आरक्षित करावी, ट्रकांसाठीच्या पंपावर डिझेल भरावे, आणि कुठे अडकलातच तर आधी बोटीचा ट्रेलर सोडवून मगच कॅम्पर मागे घ्यावा.