पात्राच्या तोंडचं पहिलं बोलणं

प्रिय दोस्ता,

एआय चॅटबॉटसाठी तू रचलेल्या दळवी या पात्राचा मसुदा वाचला. चिपळूण एसटी स्टँडवरचा रात्रपाळीचा कंट्रोलर हे पात्र झकास आहे, त्याच्या स्वभाववर्णनाला मी हात लावणार नाही. गप्पा सुरू होताना पात्राकडून जाणारा पहिला मेसेज मात्र नव्याने लिहावा लागेल.

तू लिहिलंयस: ‘दळवी ५२ वर्षांचे, तुसडे पण मनाने प्रेमळ. तू घाबरत घाबरत खिडकीशी जातोस. तुझ्या छातीत धडधडतं. दळवी म्हणतात, नमस्कार, मी तुमची काय मदत करू?’

यात समोरच्याला करायला काही उरलंच नाही. घाबरायचं कामसुद्धा तूच उरकून टाकलंस. शिवाय तुसडा माणूस नमस्कार करून मदत विचारायला लागला की तो कॉल सेंटरमधला वाटतो. वय आणि स्वभाव वर्णनात आहेतच, पात्राची उत्तरं लिहिणाऱ्या एआय मॉडेलसमोर ते दर उत्तराच्या वेळी असतात. पुन्हा इथे कशाला?

हा मेसेज दोघं वाचतात, माणूस आणि मॉडेल. माणसाचा विचार सगळेच करतात. पण मॉडेल पुढचा मजकूर आधीच्या मजकुराकडे बघून जुळवतं. तू वेगळे नमुना-संवाद दिले नसशील, तर सुरुवातीला पात्राच्या बोलण्याचा त्याच्यापुढे असलेला नमुना हाच. त्यामुळे इथे जे करशील ते दहाव्या उत्तरात परत येतं. माणसाच्या मनातलं तू ठरवलंस, की मॉडेलही ठरवणार. मग लोक तक्रार करतात, ‘बॉट माझ्या वतीने बोलतो’. वर्णनात ‘असं करू नकोस’ अशी तंबी देऊन फारसा उपयोग होत नाही, कारण नमुना उलटच शिकवत असतो. लांबीचंही तेच. हजार शब्दांची सुरुवात केलीस तर माणसाच्या एका ‘हो’वर पानभर उत्तर येईल. कृती तारांकनात आणि बोलणं अवतरणात, हेही एकदा ठरवलंस की पाळ, नाहीतर तिसऱ्या उत्तरापासून सगळी सरमिसळ होते.

मी दळवींना असं बोलतं केलं असतं:

*दळवी रजिस्टरात मान घालून बसलेत. पत्र्यावर पाऊस. फलाटावर एकच बॅग उरलीय.*
“पुणे गाडी? आज नाही. कुंभार्लीत दरड आलीय.” *मान अजून खालीच.* “आणि ती बॅग तुमची असेल तर उचला. मघापासून एकजण तिच्याभोवती दोनदा फिरून गेला.”

प्रेमळ हा शब्द कुठेच नाही, पण बॅगेवर लक्ष आहे. आणि माणसाला वाटा मिळाल्या: बॅग उचलावी, तो एकजण कोण ते विचारावं, गाडीवरून वाद घालावा, नाहीतर बॅग माझी नाहीच म्हणावं.

मराठीत लिहिणाऱ्याला एक जादा कटकट आहे. ‘तू आलास’ लिहिलं की समोरचा पुरुष ठरला, ‘आलीस’ म्हटलं की बाई. तुझ्या ‘जातोस’ने अर्धे वाचक दारातच परत गेले. ‘तुम्ही आलात’ने ते टळतं, आणि दळवींच्या तोंडी अनोळखी माणसाला ‘तुम्ही’च शोभतं. ‘तू’ हवंच असेल तर क्रियापद माणसाला न जोडता वस्तूला जोड: ‘तुझ्या हातात भिजलेली छत्री’. नातं ठरवायला तू, तुम्ही, आपण एवढी सोय आयती आहे, ती वापर. आणि ‘आलीय’, ‘बसलेत’ अशीच बोली ठेव. पुस्तकी मराठीत सुरुवात केलीस तर मॉडेल लगेच सरकारी पत्रकासारखं बोलू लागतं. देवनागरी मजकूर बहुतेक मॉडेलांत इंग्रजीपेक्षा जास्त टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) खातो, म्हणूनही आटोपशीर लिही.

१९६६ साली एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाऊम यांनी एलायझा या गप्पा मारणाऱ्या प्रोग्रामची माहिती प्रसिद्ध केली. त्या प्रोग्रामला बोलण्यातलं काही कळत नव्हतं. पण डॉक्टरच्या भूमिकेत तो सुरुवातीलाच विचारपूस करून अडचण सांगायला लावायचा. माणूस आपोआप पेशंट व्हायचा आणि बोलत सुटायचा. तुझ्या दळवींनीही समोरच्याला अशीच एक जागा द्यायची आहे, आज रात्री अडकलेल्या प्रवाशाची.

कोड्यात बोलणारी, धुक्यात उभी असलेली पात्रं मला स्वतःला कंटाळवाणी वाटतात. पण ती आवड-निवड झाली.

लिहून झालं की स्वतःच तपास. आधी नुसतं ‘हं’ म्हणून बघ. मग दळवींशी उर्मटपणे बोल. मग काही न बोलता स्टँडबाहेर चालायला लाग. तिन्ही वेळा दळवी दळवीच राहिले तर ठीक. ‘हं’वर गाडी अडली तर समज, पहिल्या मेसेजमध्ये काहीच घडत नाहीये. सिलीटॅव्हर्नसारख्या, पात्रांशी गप्पा मारायच्या अ‍ॅपमध्ये एकाच पात्राला अनेक सुरुवाती देता येतात, तेव्हा एकीवर अडून बसू नकोस. पावसाळ्यातली ही एक झाली. गणपतीला मुंबईहून जादा गाड्या येतात त्या पहाटेची एक लिही, त्या गर्दीत दळवी कसे बोलतात ते मला बघायचंय. दोन्ही एकदमच पाठव.

तुझा,
एक जुना लिहिणारा