गॅरी गेला तेव्हा लोक खेळायला बसले

मागच्या अंकात गॅरी गायगॅक्सवर एक छोटं टिपण दिलं होतं. डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे आपल्या सगळ्यांचं डी अँड डी, टेबलाभोवती बसून फासे टाकत एकेका पात्राच्या भूमिकेतून गोष्ट रचायचा खेळ, तो बनवणाऱ्या दोघांपैकी हा एक, ४ मार्च २००८ ला अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावी राहत्या घरी गेला, ६९ वर्षांचा होता, आणि अजूनही खेळणारे लोक त्या तारखेला त्याची आठवण काढतात, एवढंच त्यात होतं. त्या एवढ्याशा मजकुरावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यातली काही थोडी कापून इथे देतेय.

प्रश्न : ताई, मी पुण्यात जॉब करतो. आमचा सहा जणांचा ग्रुप आहे, शनिवारी रात्री खेळतो, मी डीएम, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारा, असतो. ४ मार्चच्या आसपास गॅरीच्या नावाने एक सेशन ठेवतो आम्ही. यंदा आई म्हणाली, ज्याला तू कधी बघितलं नाहीस, जो गेला तेव्हा तू शाळेत होतास, त्याचं कसलं वर्षश्राद्ध घालताय? मला उत्तर देता आलं नाही पण वाईट वाटलं. हे खरंच वेड्यासारखं आहे का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : अजिबात नाही रे. आणि आईचा प्रश्नही बरोबरच आहे, तिला आपण नीट सांगितलंच नसतं कधी.

तिला असं सांग, की बाकीचे खेळ बनवणारे खेळ पूर्ण करून देतात, पट, सोंगट्या, जिंकायचं कसं, सगळं ठरलेलं. गॅरीने दिले ते फक्त नियम. म्हणजे तलवार लागली का हे फासा सांगणार, पण ती तलवार कुणावर उगारायची, का उगारायची, गावातल्या खानावळवाल्याचं नाव काय आणि तो खोटं का बोलतोय, हे सगळं तू बनवायचंस. अर्धं काम त्याने केलं आणि अर्धं मुद्दाम तुझ्यासाठी ठेवलं. दर शनिवारी तू त्याच्यासोबत काम करतोस असं म्हटलं तरी चालेल, आणि ज्याच्यासोबत इतकी वर्षं काम केलं त्याची आठवण आली तर त्यात वेडेपणा कुठून आला?

२००८ ला काय झालं ते पण सांग तिला. २००४ मध्ये त्याला स्ट्रोक आले होते, तेव्हापासून तब्येत ढासळलेलीच होती, पोटातल्या महाधमनीला फुगवटा होता. आणि तरी अगदी त्या वर्षीच्या जानेवारीपर्यंत दर आठवड्याला घरी लोकांना बोलावून खेळ चालवायचा, हे त्याच्या बायकोने तेव्हा बातमीदारांना सांगितलं होतं. जगभर ज्याचं नाव, तो माणूस शेवटपर्यंत घरच्या टेबलाशी बसून फासे टाकत होता. नुसते चाहते सुद्धा त्याच्या घरी यायचे, व्हरांड्यात बसून गप्पा मारायचे, आणि जमलं तर एक डाव पण व्हायचा.

तो गेल्यावर लोकांना काय करावं ते कळेना. टीव्हीवर स्टीफन कोल्बेअरने दुसऱ्याच दिवशी आपल्या शोची शेवटची काही मिनिटं त्याला अर्पण केली, तो स्वतः लहानपणी हा खेळ भरपूर खेळलेला. कॉमिक्सवाल्यांनी चित्रं काढली. पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते लेक जिनिव्हात झालं ते. अंत्यविधीनंतर घरचे, जुने सवंगडी आणि लांबून आलेले चाहते गावातल्या अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या हॉलमध्ये जमले आणि टेबलं मांडून खेळायला बसले. दिवसभर. कुणी रडतंय, कुणी वीस बाजूंच्या फाशावर वीस पडला म्हणून ओरडतंय, एकाच टेबलावर. त्यातून पुढच्या वर्षीपासून गॅरी कॉन हे खेळणाऱ्यांचं संमेलन सुरू झालं, त्याचा मुलगा ल्यूक चालवतो, अजूनही दर मार्चला लेक जिनिव्हात भरतं. म्हणजे तुमचं शनिवारचं सेशन हे त्याच्या घरच्यांनीच घालून दिलेल्या रीतीतलं आहे. आईला एकदा शेजारी बसव, नुसतं बघायला का होईना.

प्रश्न : तुम्ही टिपणात "दोघांपैकी एक" लिहिलंत पण दुसऱ्याचं नावसुद्धा नाही!! डेव्ह आर्नेसनचं काय? माझा मित्र तर म्हणतो खरा खेळ आर्नेसनचा, गायगॅक्सने फक्त छापला आणि नाव कमावलं. मग आम्ही दुःख कुणाचं करायचं?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : दोघांचं. आणि तुमच्या मित्राचा राग मला कळतो, पण "फक्त छापला" हे मी मानणार नाही. जरा सविस्तर लिहिते कारण याच गोष्टीवरून ग्रुपमध्ये भांडणं होतात.

टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळायच्या, हा शौक अमेरिकेत आधीपासून होता, त्याच्या मागे प्रशियन सैन्याचा युद्धखेळ, त्याच्या मागे बुद्धिबळ, म्हणजे ओढत ओढत ते आपल्या चतुरंगापर्यंत येतं. गॅरी त्यातलाच. दिवसा इन्शुरन्स कंपनीत अंडररायटर, ती नोकरी गेल्यावर घरच्या तळघरात लोकांचे बूट दुरुस्त करायचा, घरात पोरंबाळं, आणि रात्री खेळ. १९६८ मध्ये त्याने गावातला हॉर्टिकल्चरल हॉल ५० डॉलर भाड्याने घेऊन खेळणाऱ्यांचा मेळावा भरवला, तेच जेन कॉन, आता इंडियानापोलिसला भरतं आणि ७० हजारांच्या वर लोक येतात. १९७१ मध्ये जेफ पेरेनसोबत त्याने मध्ययुगीन लढायांचे नियम काढले, चेनमेल नावाने, आणि मागे जादूगार, ड्रॅगन वगैरेंची एक पुरवणी जोडली.

आता आर्नेसन. तो मिनेसोटाचा, गॅरीपेक्षा नऊ वर्षांनी लहान. त्याच्या ग्रुपमधल्या डेव्ह वेस्लीने ब्राउनस्टाइन नावाचा एक डाव चालवला होता, त्यात प्रत्येकाने सैन्य न घेता एक एकटं माणूस व्हायचं, कुणी महापौर, कुणी विद्यार्थी. आर्नेसनने ते उचललं आणि ब्लॅकमूर नावाचं आपलं जग उभं केलं, किल्ल्याखाली तळघरं, तळघरात राक्षस. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे डाव संपला तरी माणूस संपत नाही, तोच पुढच्या आठवड्यात परत येतो, अनुभव मिळवतो, वर चढतो. सुरुवातीला चेनमेलचे नियम वापरले पण त्यात एका फटक्यात माणूस मरायचा आणि खेळणाऱ्यांना ते सहन होईना, स्वतःचं पात्र आहे ना! मग हिट पॉइंट (पात्र किती मार सोसेल तो आकडा) आणि आर्मर क्लास (त्याला फटका लागणं किती अवघड तो आकडा) आले, ही कल्पना त्याने जहाजांच्या लढाईच्या नियमांतून आणली. आज तुमचा मुलगा मोबाईलवर "एचपी संपला" म्हणतो ना, तो हाच हिट पॉइंट, तिथूनच आलाय.

१९७२ च्या शेवटाकडे आर्नेसन लेक जिनिव्हाला आला आणि गॅरीला ब्लॅकमूर खेळवलं. गॅरी पेटलाच. आर्नेसनकडून वीसेक पानांची टिपणं मागवली, आणि त्या विस्कळीत टिपणांवरून टाइपरायटरवर बसून नियम लिहिले, पुन्हा लिहिले, स्वतःचं ग्रेहॉक नावाचं जग उभं केलं, पहिले खेळाडू कोण तर त्याची दोन मुलं, अर्नी आणि एलिस. प्रकाशक मिळेना म्हणून बालमित्र डॉन केसोबत टीएसआर नावाची स्वतःची कंपनी काढली, दोघांनी हजार हजार डॉलर घातले, मग तिसरा भागीदार म्हणून ब्रायन ब्लूमने दोन हजार. जानेवारी १९७४ मध्ये हजार प्रती निघाल्या, डब्यात तीन पुस्तिका, किंमत १० डॉलर, डबे हाताने भरलेले. वर्षाच्या आत संपल्या. डॉनला मात्र पुढचं काहीच बघायला मिळालं नाही, जानेवारी १९७५ मध्ये हार्ट अटॅकने गेला, चाळिशीसुद्धा गाठली नव्हती, त्याचं नाव तर कुणीच काढत नाही.

तर माझं मत असं. आर्नेसन नसता तर हा खेळ सुचला नसता आणि गॅरी नसता तर तो मिनेसोटातल्या एका ग्रुपबाहेर गेला नसता. रॉयल्टीवरून आर्नेसन १९७९ मध्ये कोर्टात गेला, १९८१ मध्ये तडजोड झाली. तो वाद खरा होता, त्यात आर्नेसन दुखावला गेला हेही खरं. नंतर फ्लोरिडातल्या फुल सेल विद्यापीठात तो बरीच वर्षं गेम डिझाइन शिकवायचा. गॅरीनंतर जेमतेम तेरा महिन्यांनी, ७ एप्रिल २००९ ला, कॅन्सरने गेला. ६१ वर्षांचा. तेव्हा मार्चमध्ये एकासाठी खेळत असाल तर एप्रिलमध्ये दुसऱ्यासाठी पण खेळा.

प्रश्न : माझा मुलगा हॉस्टेलला असतो, खोलीत या गायगॅक्सचा फोटो लावलाय आणि दर आठवड्याला रात्र रात्र खेळतात. मी वाचलं की या खेळामुळे अमेरिकेत मुलं सैतानाच्या नादी लागली, जिवानिशी गेली. मला खूप काळजी वाटतेय.
(एक आई, मडगाव)

उत्तर : काकू, तुमची काळजी अगदी साहजिक आहे, पण तुम्ही वाचलंत ती पूर्ण गोष्ट नाही.

१९७९ मध्ये मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतला एक १६ वर्षांचा, फार हुशार मुलगा नाहीसा झाला. त्याला शोधायला नेमलेल्या डिटेक्टिव्हने अंदाज बांधला की तो हा खेळ खेळत युनिव्हर्सिटीखालच्या वाफेच्या बोगद्यांत शिरला असणार आणि पेपरांनी तेच छापलं. मुलगा महिनाभराने सापडला. खेळाचा काही संबंध नव्हता, तो आधीपासून नैराश्यात होता, इतक्या लहान वयात कॉलेज, घरच्यांच्या अपेक्षा, एकटेपणा. पुढच्या वर्षी तो गेला. मग व्हर्जिनियातल्या एका आईने, तिचाही मुलगा गेला होता, या खेळाविरुद्ध संघटना काढली. त्या आईच्या दुःखाबद्दल मी एक शब्द वावगा बोलणार नाही. पण नंतर ज्यांनी ज्यांनी हे तपासलं त्यांना खेळामुळे असं होतं याचा पुरावा मिळाला नाही. गॅरीला त्या काळात धमक्यांची पत्रं यायची, बॉडीगार्ड ठेवावा लागला, आणि १९८५ मध्ये सिक्स्टी मिनिट्स या टीव्ही कार्यक्रमात बसून त्याने उत्तरं दिली. स्वतः देव मानणारा ख्रिश्चन माणूस, त्याला सैतानाचा दलाल म्हटलं गेलं.

तुमच्या मुलाबद्दल मला जे दिसतंय ते असं की त्याला चार मित्र आहेत, ते समोरासमोर बसून बोलतात, हिशेब करतात, गोष्टी रचतात. रात्रीच्या झोपेबद्दल मात्र जरूर बोला, ते त्याला लागू आहे. आणि कधी तो खेळणं बंद करून एकटाच बसायला लागला, तर त्याची काळजी जास्त करा, लगेच जाऊन भेटा.

प्रश्न : गायगॅक्सला त्याच्याच कंपनीतून काढलं होतं हे खरं का? मग मरेपर्यंत खेळाशी संबंध तुटलेलाच होता का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : हो, खरं आहे. शेअर्सचा हिशेब त्याच्या बाजूने नव्हता. १९८५ मध्ये ब्लूम बंधूंनी आपले शेअर्स कंपनीचा कारभार बघणाऱ्या लॉरेन विल्यम्सला विकले, गॅरी कोर्टात हरला आणि १९८६ संपेपर्यंत टीएसआरशी त्याचा सगळा संबंध संपला. आपण बनवलेल्या जगात पुढे काय होणार हे दुसरं कुणीतरी ठरवतंय, हे त्याने बरीच वर्षं सोसलं. नंतर दुसरे खेळ काढले. १९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या दुसऱ्या खेळ-कंपनीने टीएसआर विकत घेतली तेव्हा संबंध सुधारले, या खेळाच्याच ड्रॅगन मासिकात तो पुन्हा लिहायला लागला. या एका गोष्टीने मला बरं वाटतं, निदान रुसवा घेऊन गेला नाही.

प्रश्न : आम्ही शिकागोत असतो, उन्हाळ्यात लेक जिनिव्हाला तळ्यावर जातो, पण हे सगळं तिथलं आहे हे आत्ता तुमच्यामुळे कळलं. बघण्यासारखं काय आहे?
(एक वाचक, शिकागो)

उत्तर : तुमच्यापासून दोनेक तासांच्या ड्राइव्हवर आहे हो! ब्रॉड स्ट्रीटवर तो हॉर्टिकल्चरल हॉल अजून उभा आहे, पहिलं जेन कॉन झालेला. सेंटर स्ट्रीटवर ते घर आहे जिथे त्याने खेळ लिहिला, रस्त्यावरूनच बघा. पण खरं सांगू, उन्हाळ्यापेक्षा मार्चमध्ये जा, थंडी असेल, तळं गोठलेलं पण असेल कदाचित, पण गॅरी कॉनला त्याच्यासोबत खेळलेले लोक अजून टेबलं चालवतात. सगळे आता म्हाताऱ्या वयात आहेत. त्यांच्यासोबत एक डाव मिळाला तर सोडू नका, आणि मला लिहून कळवा.

प्रश्न : ताई, आम्ही चार मैत्रिणी, कोल्हापूर. कधीच खेळलो नाही, पण टिपण वाचून एकदा तरी खेळायचंच ठरवलंय. पुस्तकं महाग आहेत, ते वीस बाजूंचे फासे इथे मिळत नाहीत, आणि इंग्रजीत बोलत खेळायला लाज वाटते. जमेल का?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : जमेल ना! पुस्तकं नकोतच आत्ता. बेसिक नियम विझर्ड्स कंपनीने फुकट ठेवलेत, ते उतरवून घ्या, एकीने वाचायचे, ती डीएम. बाकी तिघींना नियम आधी पाठ असायची गरज नाही, खेळता खेळता कळतात. मराठीतच बोला, अगदी कोल्हापुरीत बोला, फक्त हिट पॉइंट, आर्मर क्लास असले शब्द आहेत तसे ठेवा म्हणजे पुस्तकात शोधताना गोंधळ होत नाही. जग पण परकं कशाला हवं, पन्हाळ्यासारखा एखादा गड घ्या, खाली एक बुजवलेलं भुयार, गावातलं एक माणूस तीन दिवस झाले परत आलेलं नाही. पहिल्या रात्रीला एवढं खूप झालं, दोन-तीन तास सहज जातील. अगदीच सुचलं नाही तर गॅरीनेच नवीन डीएमसाठी लिहिलेलं कीप ऑन द बॉर्डरलँड्स आहे, त्यात सरहद्दीवरचा एक किल्ला आणि जवळच्या गुहा आहेत, तेच उचलून गडावर बसवा.

आणि फाशांवाचून अडून बसू नका. १९७९ च्या सुमाराला अमेरिकेतसुद्धा फाशांचा तुटवडा पडला होता, तेव्हा टीएसआर खेळाच्या डब्यात फाशांऐवजी आकडे छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे देत होती, लोक ते कपात घालून काढायचे. तुम्ही पण १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या करा आणि वाटीत टाका. फक्त प्रत्येक वेळी काढलेली चिठ्ठी परत वाटीत टाकून हलवायची, नाहीतर वीस एकदाच येईल आणि तो कुणी काढला यावरून भांडाल.